निवड दिल्लीत, पूर्वतयारी राज्यात
संशोधनाचा राष्ट्रीय निधी स्थानिक उद्योगांपर्यंत पोहोचविण्यात राज्य शासनांची भूमिका

ऑगस्ट १९९७ मध्ये हैदराबाद येथील शांता बायोटेक्निक्स या त्या वेळी लहानशा असलेल्या कंपनीने ‘शानव्हॅक-बी’ ही कावीळ-ब या रोगावरील लस बाजारात आणली. जनुकीय पुनर्संयोजनाच्या तंत्राने भारतात विकसित झालेली ही पहिली लस होय. तोपर्यंत ही लस परदेशातून येत असे आणि तिची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असे. देशी लस आली, पाठोपाठ अन्य भारतीय कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या आणि किमती झपाट्याने खाली आल्या.

कंपनीचे संस्थापक के. आय. वरप्रसाद रेड्डी हे मूळचे इलेक्ट्रॉनिक्स अभियंता. १९९३ साली कंपनी स्थापन करताना त्यांच्या हाती होती ती केवळ एक कल्पना. तारण ठेवण्याजोगी मालमत्ता नसलेल्या संशोधनास कर्ज मिळणे त्या काळी दुरापास्त होते. भांडवलाचा मोठा भाग ओमानमधून आला. संशोधनासाठी हैदराबादमधील उस्मानिया विद्यापीठाची आणि पुढे ‘सी.सी.एम.बी.’ या राष्ट्रीय प्रयोगशाळेची साथ लाभली. केंद्र शासनाच्या तंत्रज्ञान विकास मंडळानेही अर्थसाहाय्य केले.

या यशकथेत एक प्रश्न दडलेला आहे. हाच उद्योजक हैदराबादऐवजी एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी असता, जवळपास राष्ट्रीय प्रयोगशाळा नसती आणि दिल्लीतील मंडळाकडे अर्ज कसा करावा हे सांगणारे कोणी नसते, तर ही लस तयार झाली असती काय? कल्पकता महानगरांपुरती मर्यादित नाही, परंतु संशोधनाचा निधी मिळविण्याची साधने बहुतांशी महानगरांतच एकवटलेली आहेत. हे अंतर कमी करण्याचे काम राज्य शासनांइतके परिणामकारकपणे अन्य कोणी करू शकणार नाही.

निधीची व्याप्ती

उद्योगांच्या संशोधनास केंद्र शासनाकडून मिळणाऱ्या साहाय्याचे मार्ग गेल्या तीन दशकांत बरेच वाढले आहेत. तंत्रज्ञान विकास मंडळ १९९६ साली अस्तित्वात आले. देशी तंत्रज्ञान व्यापारी उत्पादनापर्यंत नेणाऱ्या प्रकल्पांना ते खर्चाच्या निम्म्या रकमेपर्यंत ५ टक्के सरळ व्याजाचे सवलतीचे कर्ज देत आले आहे. जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली लघुउद्योगांच्या संशोधनासाठी ‘एसबीआयआरआय’ ही योजना सुरू केली. २०१२ साली या कार्यासाठी ‘बायरॅक’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिच्या ‘बिग’ या योजनेतून नव्या कल्पनेच्या सिद्धतेसाठी ५० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान दिले जाते. संरक्षण क्षेत्रात २०१८ पासून ‘आयडेक्स’ ही योजना कार्यरत आहे.

अलीकडच्या दोन घटनांनी या चित्राचा आकारच बदलला. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. त्यानंतर १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेष यांसाठी १ लाख कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली व ३ नोव्हेंबर २०२५ रोजी तिचा शुभारंभ झाला. खाजगी क्षेत्रातील संशोधनास दीर्घ मुदतीचे, अल्पव्याजी अथवा बिनव्याजी भांडवल पुरविणे हा तिचा हेतू आहे.

या पार्श्वभूमीवर राज्यांचे चित्र काय दिसते? केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आकडेवारीनुसार २०२०-२१ या वर्षी देशाचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के इतका होता. त्यात केंद्र शासनाचा वाटा ४३.७ टक्के, खाजगी उद्योगांचा ३६.४ टक्के आणि सर्व राज्य शासनांचा मिळून अवघा ६.७ टक्के होता. राज्यांची तिजोरी या खर्चात केंद्राची बरोबरी करू शकणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच राज्याचा मर्यादित रुपया कोठे पडला असता केंद्राचे अनेक रुपये राज्यातील उद्योगांकडे येतील, हा विचार महत्त्वाचा ठरतो.

अर्ज कोठे अडतो?

केंद्रीय योजनांतील निवड तज्ज्ञांच्या समित्या गुणवत्तेच्या निकषावर करतात. तेथे राज्याच्या शिफारसपत्राचा उपयोग नाही आणि तो नसावाही. मात्र समितीपुढे प्रकल्प जाण्यापूर्वीच अनेक अर्ज गळतात. त्याची कारणे बहुधा वैज्ञानिक नसतात.

लहान कारखान्याच्या मालकाला आपले यंत्र कसे चालते हे नेमके ठाऊक असते, परंतु त्यातील नवेपण कोणते, त्यासंबंधी आधी कोणती पेटंटे नोंदली गेली आहेत आणि ते सिद्ध करण्यास कोणत्या चाचण्या लागतील हे कागदावर मांडण्याची सवय त्याला नसते. कंपनीच्या भागधारणेची कागदपत्रे, लेखापरीक्षित ताळेबंद, संशोधन विभागाच्या मान्यतेचा दाखला यांची जुळवाजुळव ऐनवेळी होत नाही. बायरॅकच्या योजनांत कंपनीचे किमान ५१ टक्के भाग भारतीय नागरिकांकडे असावे लागतात. एखाद्या नातेवाईकाने परदेशी नागरिकत्व घेतल्याने हे प्रमाण ढळले असल्यास ते अर्ज भरतानाच ध्यानात येते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

दुसरी अडचण पुराव्याची. नमुना यंत्र अधिकृत प्रयोगशाळेत तपासून घेतल्याखेरीज त्याच्या कार्यक्षमतेचा दावा ग्राह्य धरला जात नाही, आणि अशी प्रयोगशाळा कित्येकदा दुसऱ्या राज्यात असते. तिसरी अडचण स्वहिश्श्याची. बहुतेक मोठ्या योजना प्रकल्पाचा संपूर्ण खर्च देत नाहीत. उरलेली रक्कम उद्योजकाने उभी करावयाची असते, आणि नेमकी येथेच चांगल्या प्रकल्पांची वाट अडते.

ज्या राज्यांनी वाट तयार केली

या अडचणींवर काही राज्यांनी योजलेले उपाय अभ्यासण्याजोगे आहेत. शांता बायोटेक्निक्सच्या यशानंतर दोनच वर्षांनी, १९९९ साली, तत्कालीन आंध्र प्रदेश शासनाने हैदराबादच्या परिसरात ‘जीनोम व्हॅली’ची घोषणा केली. त्याच सुमारास आय.सी.आय.सी.आय. आणि राज्य शासन यांच्या सहकार्याने तेथे ‘आयकेपी नॉलेज पार्क’ उभे राहिले. राज्याने जमीन दिली, वित्तसंस्थेने व्यवस्थापनाची शिस्त आणली आणि लहान कंपन्यांना भाडेतत्त्वावर तयार प्रयोगशाळा मिळू लागल्या. पुढे हीच संस्था बायरॅकच्या ‘बिग’ योजनेची भागीदार झाली. ज्या आवारात उद्योजक काम करीत होता, त्याच आवारात राष्ट्रीय निधीच्या अर्जाचे मार्गदर्शनही मिळू लागले.

कर्नाटकाने २००१ साली स्वतंत्र जैवतंत्रज्ञान धोरण जाहीर केले. पुढे राज्य शासन आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या संयुक्त निधीतून ‘बेंगळुरू बायोइनोव्हेशन सेंटर’ स्थापन झाले. महागडी उपकरणे प्रत्येक कंपनीने स्वतंत्रपणे घेण्याची गरज तेथे उरत नाही. २०१७ पासून राज्याच्या ‘एलिव्हेट’ योजनेतून निवडक नवोद्योगांना ५० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान देण्यात येऊ लागले. अशा अनुदानातून बनलेला पहिला नमुना आणि त्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष घेऊन उद्योजक दिल्लीत जातो, तेव्हा त्याचा अर्ज निव्वळ कल्पनेचा राहत नाही.

महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील ‘व्हेंचर सेंटर’ हेही ‘बिग’ योजनेचे एक भागीदार केंद्र आहे. येथे पुढाकार राष्ट्रीय प्रयोगशाळेचा होता. मात्र ज्या जिल्ह्यांत अशी प्रयोगशाळा नाही, तेथे राज्याच्या हाती दुसरी मोठी साधनसंपत्ती आहे. कृषी विद्यापीठे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि अभियांत्रिकी महाविद्यालये ही राज्य शासनांच्या अखत्यारीत येतात. बियाण्याची अथवा अवजाराची चाचणी घेण्यास कृषी विद्यापीठाचे प्रक्षेत्र, वैद्यकीय उपकरणाच्या अभ्यासास शासकीय रुग्णालय आणि यंत्रभागांच्या तपासणीस महाविद्यालयाची प्रयोगशाळा वाजवी शुल्कात व ठरावीक मुदतीत खुली झाली, तर नव्या इमारतीवाचून निम्मे काम होईल. सार्वजनिक संस्थांतील उपकरणे कोठे उपलब्ध आहेत हे सांगणारे ‘आय-स्टेम’ हे राष्ट्रीय संकेतस्थळ २०२० साली सुरू झाले आहे. राज्यातील महाविद्यालयांनी आपली उपकरणे अशा यादीत आणावीत, इतका आदेशही पुष्कळ काही साधू शकेल.

संरक्षण मंत्रालयाने २०२० साली जाहीर केलेल्या चाचणी सुविधा योजनेत केंद्राचा वाटा ७५ टक्क्यांपर्यंत असून उर्वरित रक्कम खाजगी उद्योग आणि राज्य शासने यांनी मिळून उभी करावयाची आहे. योग्य जागी घातलेला राज्याचा एक रुपया केंद्राचे तीन रुपये कसे आणू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

जोडरुपयाचे महत्त्व

या संदर्भात अमेरिकेतील काही घटकराज्यांचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे १९८२ च्या कायद्यान्वये संघराज्याच्या संशोधन निधीतील ठरावीक हिस्सा लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. पहिल्या टप्प्यात कल्पनेची पडताळणी आणि दुसऱ्या टप्प्यात विकास, अशी तिची रचना होती. पहिल्या टप्प्याचे पैसे संपल्यावर दुसऱ्याचे येईपर्यंत कित्येक महिने जात. या काळात लहान कंपन्यांना आपले शास्त्रज्ञ टिकविणे कठीण होई. नॉर्थ कॅरोलायना आणि केंटकी या राज्यांनी २००० नंतरच्या दशकात यावर उपाय योजला. ज्या स्थानिक कंपनीस संघराज्याचा निधी मंजूर झाला, तिला राज्याने आपल्याकडून जोडरक्कम द्यावयाची. नॉर्थ कॅरोलायनाने तर अर्ज तयार करण्याच्या खर्चाचाही काही भाग उचलला.

या पद्धतीत निवडीचे अवघड काम राज्याला पुन्हा करावे लागत नाही. राष्ट्रीय पातळीवरील तज्ज्ञांनी पारखलेला प्रकल्पच राज्य उचलून धरते, त्यामुळे वशिल्यास वाव कमी राहतो. आपल्याकडील राज्यांच्या अनुदान योजनांची निवड बहुधा स्वतंत्रपणे होते. तिचे महत्त्व आहेच, परंतु केंद्राची मंजुरी हाच राज्याच्या जोडरकमेचा आधार मानणारी तरतूद तिच्या जोडीला असणे हिताचे ठरेल.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. कोइमतूर परिसर पंप आणि मोटारींसाठी प्रसिद्ध आहे. समजा, तेथील एका लघुउद्योगाने कमी वीज घेणारी मोटार विकसित केली असून ती उत्पादनापर्यंत नेण्याचा खर्च २ कोटी रुपये आहे. केंद्रीय संस्थेने निम्मी रक्कम, म्हणजे १ कोटी रुपये, सवलतीच्या कर्जाच्या रूपाने मंजूर केली. उरलेल्या १ कोटीपैकी मालकाकडे ३५ लाख आहेत. बँक, यंत्रसामग्रीच्या तारणावर, २५ लाख देऊ शकते. ४० लाखांची तूट राहते. या ४० लाखांअभावी मंजूर झालेला १ कोटीचा निधीही हातचा जातो. राज्याची ४० लाखांची जोडरक्कम मिळाली, तर २ कोटींचा प्रकल्प उभा राहतो. ती न मिळाल्यास राज्याचे ४० लाख वाचतात खरे, पण केंद्राचे १ कोटी आणि कारखान्यातील संभाव्य रोजगार अन्यत्र जातो.

पहिला ग्राहक

संशोधन यशस्वी झाले तरी कसोटी संपत नाही. उत्पादन नवे असल्याने त्याला पूर्वीच्या विक्रीचा दाखला नसतो, आणि दाखला नसल्याने निविदेत ते पात्र ठरत नाही. हा तिढा सोडविण्यास राज्य शासनासारखा पहिला ग्राहक नाही. केरळमधील जेनरोबोटिक्स या नवोद्योगाने मॅनहोल साफ करणारे ‘बँडिकूट’ हे यंत्र तयार केले. राज्याच्या केरळ स्टार्टअप मिशनने त्यास पाठबळ दिले आणि २०१८ साली तिरुवनंतपुरम येथे ते केरळ जल प्राधिकरणाच्या कामासाठी दाखल झाले. माणसाने गटारात उतरण्याची अमानुष प्रथा थांबविण्याच्या दिशेने टाकलेले ते पाऊल होते. त्यानंतर अन्य राज्यांतील शहरांनीही या यंत्राचा स्वीकार केला. महाराष्ट्राच्या ‘स्टार्टअप वीक’ या उपक्रमात निवडलेल्या नवोद्योगांना शासकीय विभागांत आपले उत्पादन राबविण्यासाठी १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत याच विचारातून आली.

अशा कार्यादेशाची रक्कम लहान असली, तरी त्याचे मोल मोठे असते. केंद्रीय समितीला प्रत्येक प्रकल्पाबाबत एक प्रश्न पडतो : हे घेणार कोण? शासकीय विभागाने वापर करून दिलेला अभिप्राय हे त्याचे सर्वांत सबळ उत्तर होय.

काही सावधगिरी

राज्यांच्या साहाय्यात काही धोकेही संभवतात. अर्ज लिहून देणाऱ्या सल्लागारांचे पेव फुटले आणि संशोधनाऐवजी अर्जलेखन हाच व्यवसाय बनला, तर साहाय्य व्यर्थ ठरेल. म्हणून मार्गदर्शनाचे शुल्क निकालाशी जोडण्यापेक्षा उद्योजकाला स्वतः प्रकल्प मांडता यावा, यावर भर हवा. मेळावे आणि स्पर्धांचा गाजावाजा म्हणजे साहाय्य नव्हे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घोषित रक्कम वेळेवर मिळाली पाहिजे. जोडरकमेच्या भरवशावर उद्योजकाने खर्च केला आणि ती दोन वर्षे रखडली, तर अनुदानच त्याला कर्जबाजारी करते. तरतूद थोडी असली तरी चालेल, पण ती अर्थसंकल्पात स्वतंत्रपणे राखलेली व देण्याची मुदत ठरलेली असावी.

नामंजूर अर्जांकडेही दुर्लक्ष होऊ नये. समितीने नोंदविलेले आक्षेप हे उद्योजकाला विनामूल्य मिळालेले तज्ज्ञांचे मार्गदर्शन असते. राज्याच्या विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेने अशा उद्योजकांशी पुन्हा संपर्क साधून त्रुटी दूर करण्यास साहाय्य केले, तर दुसऱ्या वेळचा अर्ज अधिक भक्कम होतो.

बँकांचे स्थान

या साखळीत बँकेचे स्थान वरकरणी दिसते त्याहून मोठे आहे. अनुदान मंजूर झाल्यावर बायरॅकसारख्या संस्था प्रकल्पासाठी स्वतंत्र ‘नो-लीन’ खाते उघडण्याची अट घालतात. त्या खात्यातील रकमेवर बँकेने आपल्या अन्य येण्यासाठी हक्क सांगावयाचा नाही, असा त्याचा अर्थ. शाखेस या पत्राचे स्वरूप ठाऊक नसेल, तर पहिला हप्ता केवळ एका पत्रासाठी थांबू शकतो. पुढील हप्ते ठरलेले टप्पे पूर्ण झाल्यावर, उपयोगिता प्रमाणपत्र आणि सनदी लेखापालाने प्रमाणित केलेला खर्चाचा तपशील पाहून दिले जातात. मधल्या काळात वेतन आणि कच्चा माल यांचा खर्च चालूच राहतो. तो भागविण्यास अल्पमुदतीच्या वित्तपुरवठ्याची गरज भासते.

येथे बँकेने उदार होण्याबरोबरच सावधही असावे लागते. अनुदान हे संशोधनावर खर्च करावयाचे असते. ते कर्जफेडीचे साधन नव्हे. म्हणून कर्जाची परतफेड उत्पादनाच्या विक्रीतून कशी होईल, याचा अंदाज अधिकाऱ्याने घेतला पाहिजे. मात्र ज्या प्रकल्पाची राष्ट्रीय तज्ज्ञांनी छाननी केली आहे, त्याबाबत तारण अपुरे आहे एवढ्याच कारणाने फाईल मिटणे योग्य नाही. सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी २००० साली स्थापन झालेला पत हमी निधी न्यास आणि नवोद्योगांसाठी २०२२ साली सुरू झालेली पत हमी योजना ही साधने याचसाठी आहेत. राज्याच्या जोडरकमेचे मंजुरीपत्र, केंद्राचे मंजुरीपत्र आणि पत हमी ही तिन्ही एकत्र पाहिली, तर पूर्वी अशक्य वाटणारे प्रस्ताव विचारात घेण्याजोगे ठरतात.

संशोधन करणाऱ्या ग्राहकांनीही बँकेस वेळीच विश्वासात घ्यावे. केंद्रीय योजनेसाठी अर्ज करण्याआधी शाखेत चर्चा करावी, प्रकल्पाचे हिशेब पहिल्या दिवसापासून स्वतंत्र ठेवावेत आणि मंजुरीपत्रातील अटी अधिकाऱ्यासमवेत वाचाव्यात. पुढील अनेक अडचणी या एका भेटीने टळतील.

समारोप

‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही वृत्ती संशोधनाच्या क्षेत्रात चालत नाही. निधी दिल्लीत आहे आणि तो वाढला आहे, एवढ्याने तो आपल्या गावच्या कारखान्यात येणार नाही. एक लाख कोटींची योजना अस्तित्वात आल्याने हे अधिकच खरे ठरले आहे, कारण मोठ्या निधीसाठी प्रथम तयार असणाऱ्या मोठ्या कंपन्या आणि महानगरेच पुढे येतील. जी राज्ये आपल्या जिल्ह्यांतील उद्योजकांना अर्ज लिहिण्यास, नमुना तपासण्यास, स्वहिस्सा उभारण्यास आणि पहिला ग्राहक मिळविण्यास हात देतील, त्यांच्याच वाट्याला या निधीचा न्याय्य भाग येईल.

१९९७ साली एका अभियंत्याच्या जिद्दीने आणि एका शहराच्या अनुकूलतेने लक्षावधी बालकांना लस मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. जिद्द ही व्यक्तीची असते, परंतु अनुकूलता घडविता येते. ती घडविणे हे राज्यांचे कर्तव्य आहे, आणि त्या कामी आपल्या शाखांनी सजग सहकार्य करावे, ही अपेक्षा वावगी ठरणार नाही.